एक्केचाळीस उखळांचा पाया

न्हाई न्हाई पाव्हनं, त्यो नारळ आदी पिशवीत घाला... घाला म्हनतो ना! नारळ हातात घेतला की मानूस बांदला जातो, आन् म्या एकदा असाच बांदला गेलोय, त्येचं अजून सुटलं न्हाई. बसा. घोंगडी हातरलीया, सगुणाबाई च्या ठिवतीया, किकवीपासनं नसरापुरापातूर मोटार आन् फुडं समदी पायपीट, पाय दुकत असतील तुमचं. आता मला सांगा, माजं नाव तुमाला कुनी सांगितलं? मार्गासनीकरांनी? काय म्हनले? "सोनबानं घातल्याला पाया म्हंजी पाया, गिरणी जाईल पर पाया जायाचा न्हाई"? आसं म्हनले? आन् म्हनताना हसत हुते का सरळ तोंडानं म्हनले? न्हाई, इच्यारतो आपलं. मार्गासनीचं मानूस आमच्या पायाबद्दल बोललं आन् हसलं न्हाई, आसं चार वर्सांत झालं न्हाई म्हून इच्यारलं.

तर तुमाला बी भाताची गिरणी काडायचीया. काडा की. लढाई सरली, इंजानाचं तेल परत मिळाया लागलंय, गावानं गोळा हून गिरणी काडायची, वाईट काय हाय त्यात? आमचं बी काम चांगलंच हुतं, त्याबद्दल आपलं कायबी म्हननं न्हाई. पर आलाच हायसा तर आईकून जावा, कारन मार्गासनीकर सांगत्यात त्ये हसन्याफुरतं सांगत्यात, फुडचं सांगत न्हाईत.

म्या तसा चार वावराचा धनी, पर चुन्याचा नाद लागला भाटघरला. धरन बांदत हुते तवा चार वर्सं म्या तितं चुन्याच्या घाणीवर हुतो, बैलांच्या मागं दिसभर गोल गोल गोल, हाताची सालपाटं गेली, पर तुमाला सांगतो, चुना कळाया लागला. चुना म्हंजी काय थट्टा हाय? भट्टीचा चुना किती दिस पान्यात कुजवायचा, इटेची भुकटी किती, गुळाचं पानी कवा सोडायचं, बेलफळाचा गीर घालायचा का न्हाई... घरी आलो तवा बापानं इच्यारलं, काय आनलंस रं धरनावरनं? म्हनलं, इद्या आनली. बाप म्हनला, ती चुलीवर ठिवून बग शिजती का. तर बारा-तेरा वर्सं ती इद्या तशीच पडून हुती. आमच्या गावात चुन्यात बांदायला हाय काय? समदी घरं मातीची, देवाचं देऊळ बी मातीचं. इद्या असलेला मानूस आन् काम न्हाई, ह्याच्यावानी वाईट दुसरं काय न्हाई बगा, त्यो कुटंबी हात वर करतो.

आन् हात वर करायला लावनारा आमच्या गावात एक हुताच. सावळाराम. मुंबैला कापडाच्या गिरणीत बारा वर्सं काडली, आन् तितनं काळी टोपी, घड्याळ आन् 'मंडळी' ह्यो शबुद घिऊन आला. बोलाया हुबा ऱ्हायला की आदी घड्याळ बगायचा. घड्याळ बंद हुतं त्ये, पर बगायचा. मानूस वाईट न्हाई हां, सोत्ताच्या पदरचं घालून गावासाटी मरनारा मानूस. पयल्यांदी त्येनं गावाचं दुकान काडलं. समद्यांचं दुकान! समद्यांनी टाळ्या वाजवल्या, आन् बाजारच्या दिशी समदं गाव मीठमिरची आनाया नसरापूरला गेलं. का? तर बाजारात चार मानसं भेटत्यात. दिवाळीला उगडलेलं दुकान शिमग्याला मिटलं. सावळारामाच्या मनाला त्ये लई लागलं. म्हनायचा, "सोनबा, ह्या गावाला पुढं जायचंय, पर मागचं दार उगडं ठिवून जायचंय."

मंग निगाली गिरणी. आता आमच्याकडं पिकतो आंबेमोहोर, शिजला तर शेजारच्या घराला वास जातो, पर त्ये भात सडायचं कसं? येक तर गाडीत घालून नसरापूरला न्यायचं, न्हाई तर बायकांनी कांडायचं. पाऊस असू दे, आंगात ताप असू दे, बाई पोटुशी असू दे, हातात मुसळ हायेच. तर गावानं मिळून इंजान आनायचं, भात गावातच सडायचं, तांदूळ आपल्याच पोत्यात भरायचा, पोत्यावर आपल्या गावाचं नाव घालायचं आन् थेट पुन्याला धाडायचा. गावाचं नाव, पोत्यावर, पुन्यात! म्हातारी मानसं बी डोळं पुसाया लागली. काम चांगलं हुतं हो. आजबी म्हनतो, काम चांगलं हुतं.

तर देवळात बैठक. सावळाराम हुबा ऱ्हायला, घड्याळ बगितलं. "मंडळी, इंजिन येतंय. जुनं हाय, पण इलायती हाय. पण मी तुम्हाला वळखतो. पयलं चार दिस गिरणीत याल, आन् पाचव्या दिशी घरातलं बाईमाणूस म्हणंल, एवढ्या पायलीसाठी गिरणी कशाला, हितंच कांडते. दुकानाचं झालं तेच गिरणीचं व्हईल. म्हणून माझं म्हणणं, इंजिनाला पाया लागतो, पायाला दगूड लागतो. तर घरटी एक उखळ द्या. गावातली समदी उखळं पायात घालू. मागं जायची वाटच बंद करू."

आता आमचा मुलूख डोंगराचा, जिकडं बगावं तिकडं दगूड, पायाला उखळं कशाला पायजेत, आसं कुनीतरी उटून म्हनावं का न्हाई? आन् उटलं कोन? म्या उटलो! आन् म्हनलो काय? म्हनलो, "घडीव दगूड हाय, गोल हाय, चुना लई चांगला धरंल. भाटघरचं धरन हाललं तर आपला पाया हालंल." टाळ्या पडल्या. जलमात पयल्यांदी माज्यासाटी टाळ्या पडल्या हुत्या, त्येचा आवाज कानातून दोन दिस जाईना.

दुसऱ्या दिसापासनं म्या आन् माजी पहार, दारोदार. उखळ जिमिनीत गळ्यापातूर पुरलेलं असतंय, उपसलं की घरात ह्यो खड्डा. कुनाचं सासूच्या वक्ताचं, कुनाचं आजेसासूच्या वक्ताचं. काही बायका हसत हुत्या, सुटलो बाई म्हनून. एकीनं तर उखळाला हळदकुकू लावलं, ओटी भरली, आन् गाडीत चडवल्यावर वेशीपातूर घालवाया आली. आमच्या घरातलं उपसाया लागलो तवा ही सगुणाबाई कमरेवर हात ठिवून हुबी. म्हनली, "इंजान बंद पडलं म्हंजी?" म्हनलं, इलायती हाय, बंद पडत नसतंय. ती म्हनली, "सावळारामाचं घड्याळ बी इलायतीच हाय न्हवं?" ...बायकांच्या तोंडाला लागू ने पाव्हनं, त्या खरं बोलत्यात आन् आपल्याला राग येतो.

चव्वेचाळीस उंबरा, चाळीस उखळं गोळा झाली. तीन घरांत उखळच न्हवतं. ऱ्हायलं एक. ठकुबाईचं.

ठकुबाई माजी चुलती. चुलता गेला तवा ती बावीस वर्सांची, पोटी काय न्हाई. जिमीन भावकीनं आपल्यात वडून घेतली... भावकी म्हंजी कोन, माजा बापच की, आता कशाला झाकून ठिवू. तिच्या वाटनीला आली एक खोली आन् त्ये उखळ. त्या उखळावर ती चाळीस वर्सं जगली बगा. लोकांचं भात कांडून द्यायचं, बदल्यात कणी आन् कोंडा, सुगीला सूपभर तांदूळ. कुनाच्या दारात हात पसरला न्हाई. उखळ तर येवढं थोरलं, की गावात तसलं दुसरं न्हवतं, आन् आतनं घासून घासून गुळगुळीत झालं हुतं, हात फिरवला तर ताटावर फिरवल्यावानी.

ती देईना. म्हनली, "तुमच्या बायकांचं उखळ म्हंजी काम हाय. माजं उखळ म्हंजी पोट हाय." मला पटलं. म्या तसंच सावळारामाला जाऊन सांगितलं. तर त्यो म्हनतो, "एकीचं सोडलं तर समदं गाव तिच्याकडं कांडाया जाईल, मग इंजिन कुणासाठी आणलं?" आता त्येबी खरंच हुतं. दोनी बाजूंनी खरं असलं की गरीबाच्या बाजूचं खरं जरा हलकं भरतं, दुसरं काय. सावळाराम म्हनला, "तिला गिरणीत काम देऊ, तूस-कोंडा झाडायचं. तूच सांग, तुझं ती ऐकंल."

गेलो. उंबऱ्यावर बसलो. म्हनलं, काकी, गिरणीत काम हाय, बसून झाडायचं, मुसळ उचलायचं न्हाई. तिनं इच्यारलं, "जलमभर?" म्हनलं, जलमभर. इंजान हाय तवर तुजं काम हाय. ती लई येळ उखळाच्या काठावरनं हात फिरवत बसली. मंग म्हनली, "ने. पर पालथं घालू नगंस. पालथं उखळ म्हंजी त्या घरात खानारं कुनी उरलं न्हाई. तोंड वर ठिव. कवा लागलं तर सापडंल." म्या म्हनलो, व्हय काकी.

पाया भरायच्या दिशी तुमी माजा चुना बगायला पायजे हुता! म्हयनाभर कुजवलेला, लोण्यावानी. इंजान बसवनारा मेस्त्री पुन्याचा, त्येनं बोट बुडवून बगितलं आन् म्हनला, असा चुना आता बगायला मिळत न्हाई. माजी छाती ही येवढी. उखळं पालथी लावत चाललो, म्हंजी बुडाचा सपाट भाग वर, पोकळीत चुना-खडी गच्च. मधोमध, ऐन इंजानाच्या खाली, ठकुबाईचं घालायचं हुतं, थोरलं म्हून. मेस्त्रीला म्हनलं, ह्येचं तेवढं तोंड वर ठिवायचंय. त्यो म्हनला, "तोंड वर ठेवलं तर पाणी साठेल, चुना चिरेल आणि इंजिन नाचेल. तुम्हीच सांगा, तुम्ही चुना जाणता." आता आसं म्हनल्यावर... आन् म्या जानत हुतो हो, त्येचं बरुबर हुतं! वाईट काम माज्या हातनं कसं हुईल? घातलं पालथं.

सांजच्याला ठकुबाई आली. वरनं चुना सपाट झाला हुता, कायबी दिसत न्हवतं. इच्यारलं, "तोंड वर हाय न्हवं?" म्हनलं, व्हय काकी, तुजं तेवढं वर हाय. वाटलं, कुनाला कळनार हाय? इंजान काय उटून जानार हाय का? म्हातारीच्या जिवाला बरं वाटतंय तर वाटू दे.

पाडव्याला गिरणी सुरू झाली, आन् काय सांगू तुमाला, इंजानाचा आवाज पार मार्गासनीला जायाचा. ढुक ढुक ढुक... आन् पाया? पायावर पान्यानं भरलेला पेला ठिवला तर थेंब सांडत न्हवता! लोकं वरच्या वाड्यांतनं भात घिऊन यायची. पोत्यांवर गावाचं नाव घातलं, दोनदा पोती पुन्याला गेली, तिसऱ्यांदा बी गेली. ठकुबाई कोपऱ्यात तुसाच्या धुरळ्यात बसायची, खोकायची, पर कोंडा घरी न्यायाची आन् खुशीत असायची. बायका म्हनायच्या, आता दुपारी पाठ टेकाया मिळती. काम चांगलं हुतं, कसं म्हनू वाईट?

दीड वरीस. फकस्त दीड वरीस. मंग लढाई, जी तिकडं लांब इलायतेत चालली हुती, ती आमच्या इंजानाच्या टाकीत आली. तेल मिळंना. सावळाराम भोरला गेला, पुन्याला गेला, अर्ज केलं, टोपी काडून हुबा ऱ्हायला. जितं जावं तितं येकच, तेल लढाईला पायजे. आता तिकडं कोन कुनाशी लढतंय आन् हितं आमचं भात कोठीत पडून! दिवाळीपातूर कसंबसं ओढलं आन् एक दिस इंजान जे गप झालं त्ये झालंच. पीक तर त्या वर्सी आसं आलं हुतं, की कनगी फुरत न्हवती. चव्वेचाळीस घरांत भात भरलेलं आन् त्ये कांडाया समद्या गावात एक उखळ न्हाई! खेडं म्हनावं आन् उखळ न्हाई, आसं गाव बगितलंय का तुमी कुटं?

नवं घडवा म्हनाल. कुनी घडवायचं? वडार समदे लढाईच्या कामावर, पुन्याकडं इमानतळ बांदाया गेलेले. कुनी लाकडाची केली, ती तडकली. म्या सोत्ता छिन्नी घिऊन बसलो, दोन दगूड फोडलं, तिसऱ्याला आंगटा फोडला. म्या चुन्याचा मानूस, छिन्नीचा न्हाई. ज्येच्या दारात गाडीबैल हुतं त्येनं भात नसरापूरला नेलं, पयल्यावानी. आन् सावळारामाच्या लेकीचं लगीन निगालं तवा तर पार आब्रू गेली. लग्नाआदी घाणा भरायचा तर उखळ पायजे, मुसळाला आंब्याचा डहाळा बांदून पाच सवाष्नींनी कांडायचं. मुसळं गावात एक्केचाळीस, उखळ न्हाई! शेवटी मार्गासनीवरनं गाडीत घालून उसनं आनलं, आन् त्यो गाडीवान नवऱ्याकडच्या मानसांफुडं मोठ्यांदी म्हनतो, "गिरणीच्या गावाला उखळ आनलंय, कुटं उतरवू?" हसली मानसं. सावळारामानं घड्याळ बगितलं.

पर ह्ये समदं हसन्याचं झालं, पाव्हनं. ज्येंचं अडलं त्येंचं पंदरा दिसांनी निबावलं. ठकुबाईचं काय? गिरणी बंद, म्हंजी झाडायचं बंद. आन् गावात कांडाया उखळ न्हाई, म्हंजी चाळीस वर्सांचं पोट बंद. आमी तिला उपाशी ठिवली न्हाई हां, ह्या सगुणाबाईला इच्यारा, रोज ताट वाडायची. ती म्हनायची, "तुजं ताट म्या का खाऊ? तुज्या बापानं जिमीन खाल्ली, त्येची भाकरी करून देतोस व्हय?" आन् उटून जायची. मुसळ खांद्यावर टाकायची, कोसभर उतरून मार्गासनीला जायाची, तितं बनाबाई म्हनून एक बाई हाय तिच्या अंगनात कांडायची, वट्यात कणी घिऊन परत कोसभर चड. साठीच्या वरची म्हातारी. म्या म्हनलं, मुसळ तरी तितंच ठिवत जा, बनाबाईचं मुसळ काय मोडलंय? तर म्हनली, "हाताला ह्येच ठावं हाय."

आन् रोज येताजाता ती गिरणीच्या खिडकीपाशी थांबायची. गजाला धरून आत बगायची. कशासाटी? म्या एकदा इच्यारलं. तर हसली. म्हनली, "माजं हाय की तितं. तोंड वर करून ठिवलंयस न्हवं तू? आज ना उद्या इंजान उचलतील. मंग म्या तितंच बसून कांडीन. मोडकी का हुईना गिरणी हाय, डोक्यावर पत्रा बी हाय." पाव्हनं, आता सांगायचं का? सांगायला पायजे हुतं. तवाच सांगायला पायजे हुतं! पर मला वाटलं, हितं इंजान हाय तवर तिला आशा हाय. तिला आशा हाय का मला भ्याव हाय, ह्ये म्या सोत्ताला कवा इच्यारलं न्हाई.

मंग गावानं काडली बैठक, इंजान इकायची. कुनीतरी घाटाखालचा गिऱ्हाईक आला हुता. समदं गाव म्हनतं, इका. सावळाराम बी मान खाली घालून म्हनतो, इका. आन् इका न्हाई म्हनून हुबा कोन ऱ्हायला? परत म्याच! म्हनलं, लढाई काय जलमभर चालती का? गावाची गिरणी हाय, आपल्या घामाची हाय, इंजान गेलं तर गाव गेलं! आवाज कापत हुता माजा, डोळ्यांत पानी. सावळाराम उटला आन् त्येनं मला पोटाशी धरलं. म्हनला, "मंडळी, ह्या गावात गिरणीची खरी कळकळ एका सोनबाला हाय." टाळ्या! दुसऱ्यांदा टाळ्या! आन् म्या तितं हुबा, कळकळीचा मानूस. इंजान चार म्हयनं लांबलं त्येनं. त्या चार म्हयन्यांत बी म्हातारी मुसळ घिऊन जात हुती, येत हुती, खिडकीशी थांबत हुती.

शेवटी शिमग्याच्या आदी इंजान गेलं. बोल्ट सोडले, ओंडक्यांवरनं घसरवत भाईर काडलं, आठ बैल लावलं. समदं गाव वेशीपातूर गेलं. म्या न्हाई गेलो. म्या गिरणीतच बसून ऱ्हायलो, कारन मला ठावं हुतं कोन येनार.

आली. मुसळ खांद्यावर, काखंला सुपात भात. लुगडं धुतलेलं नेसली हुती. बोल्ट काडताना वरला चुन्याचा थर निगाला हुता, खाली दगडांची बुडं दिसत हुती, येकाला येक लागून, एक्केचाळीस. ती वाकून बगाया लागली. इकडनं बगितलं, तिकडनं बगितलं. मला म्हनली, "माजं कंचं?" म्या बोट दावलं. मधलं. ती खाली बसली, त्येच्या बुडावरनं हात फिरवला. लई येळ फिरवला, जसं काय तोंड कुटंतरी बाजूला आसंल आन् आपल्यालाच घावत नसंल. मंग मला म्हनली, "पालथंच घातलंस व्हय रं."

ती म्हनली, "वर हाय म्हनला हुतास. म्या त्या भरवशावर बसले हुते." येवढंच. वरडली न्हाई, रडली न्हाई. वरडली आसती तर बरं झालं आसतं, म्या पाय तरी धरलं आसतं.

म्या उटलो, घरनं पहार आनली. म्हनलं, काकी, काडून देतो, आत्ताच्या आत्ता काडून देतो. घातली पहार. पहार उडाली. परत घातली, परत उडाली. सनान् सनान् आवाज, खडकावर मारल्यावानी, आन् चुन्याचा कपचा बी न्हाई! घन आनला. वेशीवरनं मानसं परत आली, चौघं लागलो. पहारीचं टोक वाकलं पाव्हनं, सांदीत बोटभर शिरंना. म्हयनाभर कुजवलेला चुना, गुळाचं पानी, बेलफळाचा गीर... भाटघरचं धरन हाललं तर हालंल म्हनलो हुतो न्हवं म्या? देवळात, समद्यांफुडं? लोकं दमून बाजूला झाली. कुनीतरी म्हनलं, "काम मातर चांगलं केलंयस हां सोनबा." आन् म्या तितं फतकल मारून बसलो. ठकुबाईनं सुपातलं सांडलेलं भात येक येक दाना करून येचलं, सूप उचललं आन् गेली. मुसळ तितंच ठिवून गेली.

त्येच्यानंतर ती मार्गासनीला गेली न्हाई. कांडाया गेली न्हाई, कुटंच गेली न्हाई. मंग सगुणाबाईनं न्हेलेलं ताट घ्यायला लागली. नको म्हनायची सोडली, त्यावरनंच आमी समजलो. दोन घास खायाची आन् ताट सरकवायची. श्रावनात गेली. काय झालं हुतं? काय न्हाई. ताप न्हाई, खोकला न्हाई. वैद आला, म्हनला, म्हातारपन. म्या मनात म्हनलं, म्हातारपन न्हवं हो, ह्ये माजं कसब हाय. सरनावर तिचं मुसळ ठिवाया निगालो, तर सगुणाबाईनं हात धरला. म्हनली, "त्ये तिच्या हातातनं काडून घेतलंयस, आता परत दिऊ नगंस." त्ये बगा, त्या कोपऱ्यात हुबं हाय त्येच. रोज दिसतं.

तर आसं हाय पाव्हनं. गिरणीचा पत्रा बी आता उडालाय, पाया तेवढा हाय. गुरं त्येच्यावर बसत्यात. दोन पावसाळं झालं उगड्यावर, चीर न्हाई. मार्गासनीचे लोक पाव्हन्यांना मुद्दाम दावायला आनत्यात. सावळाराम? हाय की. आता फळझाडांची मंडळी काडायची म्हनतोय. काडंल. कुनीतरी काडायलाच पायजे, न्हाई तर गाव हाय तितंच ऱ्हातं, आन् काम चांगलंच असतंय त्येचं, आपलं कायबी म्हननं न्हाई...

घ्या, च्या घ्या, गार झाला. आन् आना त्यो नारळ. आना म्हनतो ना, चार कोस चालत आलेल्या मानसाला रिकामं कसं धाडू? येतो म्या किकवीला, पाया घालून देतो तुमचा. पर दोन गोष्टी. तुमच्यात बी येकादी ठकुबाई आसंलच, तिच्या उखळाला हात लावायचा न्हाई. आन् दुसरं, चुना आनू नका. चुना म्या आता मळत न्हाई. चिखलात घालतो पाया. काय म्हनलासा, इंजान हालंल? हालू द्या की, पाव्हनं. उद्या उपसायची पाळी आली तर हाताला तरी येईल.